डोळ्यातला डायनॅमो

माणसं वकिलाशी खोटं बोलतात, बायकोशी बोलतात, पण माझ्या मशिनशी जेवढं खोटं बोलतात तेवढं कुणाशीच बोलत नसतील. बावीस वर्षं मी डोळ्यांच्या दवाखान्यात नजरेचा पसारा तपासते आहे. अंधारी खोली, समोर टबाएवढा पांढरा पोकळ घुमट. हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि आजूबाजूला कुठे बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. काम म्हणाल तर एवढंच. पण लोकांना नापास व्हायला आवडत नाही. एक निवृत्त मास्तर उजेड दिसो न दिसो, तालात बटण दाबत बसायचे. एक बाई ठिपका सोडून उजेड शोधत डोळे गरागरा फिरवायच्या आणि वर मलाच म्हणायच्या की तुमचं मशीन लपाछपी खेळतं. मी सगळ्यांना झापते. दवाखान्यात मला मागून ‘हेडबाई’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

आता खरं सांगायचं तर त्या मशिनसमोर मी स्वतः एकदाही बसले नव्हते. वेळ मिळत नाही, असं मी सांगायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आमची आई काचबिंदूने आंधळी झाली. त्या वेळी घरात कुणी काचबिंदू हा शब्दही उच्चारला नाही, सगळे म्हणाले वय झालं. शेवटची सहा वर्षं ती भिंतीला हात लावत चालायची आणि आमच्या चेहऱ्यावर बोटं फिरवून कोण आलंय ते ओळखायची. ती बोटं आठवली की मला मशीन पुसायचं काम निघतं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बसथांब्यामागच्या गल्लीत त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. वाकड्या चाकाचा आउट काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. चाक अडकवतो, फिरवतो, रिम आणि ब्रेकच्या रबरामधली फट बघत एकेक तार पाव फेरा आवळतो, सैल करतो, आणि चाक शेवटी असं फिरतं की फिरतंय हे कळू नये. त्याची आणखी एक खोड आहे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक सायकलच्या हँडलला तो पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो. वर लिहितो, ‘झालं’, आणि पुढे काय काय केलं ते. खाली लिहितो, ‘जमलं नाही’, आणि काय राहिलं ते. ‘मागचा ब्रेक अजून किंचित ओरडतो.’ ‘चेन बदलायला हवी होती, तुम्ही नको म्हणालात.’ खालची ओळ रिकामी गेलेली मी कधी पाहिली नाही. वहिनी म्हणते, लग्नात हा माणूस माझ्या गळ्यात हार घालण्याऐवजी चिठ्ठीच बांधणार होता.

तीन वर्षांपूर्वी मी दुकानात गेले तेव्हा दादा तारा आवळायची चावी शोधत होता. चावी त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर पडली होती. तो चिडून स्टूल उचलत होता, डबे हलवत होता, आणि चावी तिथेच. दुसऱ्या दिवशी मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. म्हणून दादाला छोट्या डॉक्टरांनी बसवलं. या छोट्या डॉक्टर तेव्हा नव्यानेच आल्या होत्या, वय माझ्या लेकीएवढं, आणि त्यांच्या बोलण्यात दर तिसरं वाक्य पेशींबद्दल. माझं त्यांच्याबद्दल फारसं बरं मत नव्हतं. कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूला काळे डाग, म्हणजे तिथला उजेड दिसलाच नव्हता, डावा जास्त वाईट. डोळ्यातला दाब मात्र चौदा, म्हणजे चारचौघांसारखा. दाब कमी करणारे थेंब तरीही सुरू केले, कारण दाब आणखी उतरवला तर बहुतेकांना फायदा होतो. वर्षभर वहिनीने घड्याळ लावून थेंब घातले. दाब अकरावर आला. डाग तरीही वाढले.

चाक फिरवताना रिमची डावी कड दिसेनाशी झाली, त्या दिवशी दादा पहिल्यांदा घाबरला. त्याने तसं सांगितलं नाही. फक्त विचारलं की आईला असंच झालं होतं का, आणि मी खोटं बोलले, म्हणाले मला आठवत नाही.

त्याच सुमारास छोट्या डॉक्टरांनी आपला प्रयोग सुरू केला. दादाला समजावून सांगायला त्यांनी तासभर घेतला, आणि तो तास मी दाराशी उभी राहून ऐकला. त्यांनी सांगितलं ते असं. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींतून बारीक तंतू निघतात, एकत्र होतात आणि डोळ्याच्या मागच्या भोकातून मेंदूकडे जातात. डोळ्याच्या आत असेपर्यंत त्या तंतूंवर वेष्टण नसतं, त्यामुळे संदेश पुढे ढकलायला त्यांना फार शक्ती लागते. ती शक्ती पेशीतले मायटोकॉन्ड्रिया नावाचे अतिसूक्ष्म घटक तयार करतात. ते थकले, बिघडले, तर दाब नेहमीचा असला तरी तंतूंना तो सोसत नाही आणि ते एकेक करून मरतात. सगळ्यांच्या काचबिंदूचं कारण हेच, असं नाही, पण काहींच्या बाबतीत दुखणं इथे असावं, असं पुष्कळ संशोधकांना वाटतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं, हाताला लागलेलं ग्रीस पँटला पुसलं आणि विचारलं, “म्हणजे दिवा चांगला आहे, वायरही चांगली आहे, डायनॅमो टायरला नीट घासत नाहीये. असंच ना?”

मला वाटलं, आता ही पोर त्याला हसणार. पण त्यांनी कागद ओढला आणि चित्रच काढायला घेतलं. त्या सांगत होत्या की मायटोकॉन्ड्रियाच्या आत खरोखरच एक फिरणारं यंत्र असतं, दांड्यासकट, आणि ते फिरलं की शक्ती तयार होते. दादाने कागद डोळ्यांजवळ नेला. म्हणाला, “आणि याला कुणी कधी तेल घातलं नाही?” त्यानंतर दोघंही त्या चित्रावर अशी वाकली की मी दाराशी आहे याचाही त्यांना विसर पडला. त्या दिवसापासून छोट्या डॉक्टरांबद्दलचं माझं मत बदललं. जी मुलगी पंक्चर काढणाऱ्या माणसाचा प्रश्न इतक्या गंभीरपणे घेते, तिला चार गोष्टी माफ.

जाता जाता त्या म्हणाल्या की मायटोकॉन्ड्रिया आपल्याला फक्त आईकडून मिळतात. दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मशीन पुसायला निघून गेले.

प्रयोग साधा होता. एक जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत, रोज. मायटोकॉन्ड्रियांना लागणारा कच्चा माल पुरवायचा आणि तंतू टिकतात का ते बघायचं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत काही नसलेली. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. थेंब सगळ्यांचे चालूच. एकूण अडतीस माणसं. दादाला जागा मिळाली तेव्हा मी देवाला न विचारता नवस बोलून मोकळी झाले, काय बोलले ते सांगत नाही.

सहा महिन्यांनी दादाची तपासणी झाली. डाग आकसले होते. छोट्या डॉक्टरांना खुर्चीत बसवेना. इतरांचे डाग फार तर वाढायचे थांबले होते, दादाचे चक्क कमी झाले होते. खरी गोळी याच माणसाला मिळाली असणार, असं त्यांनी बोलून नाही दाखवलं, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी सामानाच्या खोलीत जाऊन रडले. आईनंतर पहिल्यांदाच मी त्या आजारासाठी रडले असेन, आणि तेही आनंदाने.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी दादाचा डबा घेऊन दुकानात गेले. शटर अर्धं खाली होतं आणि आतून सायकलची घंटी वाजत होती. थांबून थांबून, ट्रिंग, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा ट्रिंग ट्रिंग. मी वाकून आत शिरले आणि मागचा पडदा बाजूला केला.

दादा स्टुलावर बसला होता. एका जुन्या सीटवर त्याने हनुवटी टेकवली होती. समोर कपडे भिजवायचा मोठा टब आडवा बांधलेला, आतून पांढराशुभ्र रंगवलेला, आणि त्याला बारीक बारीक भोकं. प्रत्येक भोकामागे एक चिमुकला दिवा. पलीकडे वहिनी मांडीवर बटणांची फळी घेऊन बसली होती. एका हाताने शेंगा सोलत होती, दुसऱ्या हाताने मनाला येईल ते बटण दाबत होती. दिवा दिसला की दादा घंटी वाजवायचा.

“डावीकडचा खालचा सोडलास,” वहिनी म्हणाली.

मी भोकं मोजली. चोपन्न. माझ्या मशीनवरही तपासणीचे ठिपके चोपन्नच असतात, आणि भोकं त्याच जागी होती, बोटभरही फरक नाही. ही जागा त्याला कुठून कळली ते विचारायची गरज पडली नाही. प्रिंटर अडकला की नाव नसलेले, नुसत्या ठिपक्यांचे कागद वाया जातात. ते मी वर्षानुवर्षं दादाला बेअरिंगचे छर्रे गुंडाळायला आणून देते. हातच्या काकणाला आरसा कशाला, पुरावा कपाटात गठ्ठ्याने पडला होता.

मी त्याला काय नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला की अगं, मी सराव करत होतो. पहिल्या दोन वेळा बसलो तेव्हा नजर हलायची, बटण उशिरा दाबलं जायचं, लाज वाटली. आमच्या धंद्यात हात बसेपर्यंत माणूस घासतो, तसा घासला. पाच महिने, रोज दुपारी. ठिपक्यावरून नजर आता ढळत नाही, आणि जरासा उजेड असला तरी ओळखू येतो. यात वाईट काय केलं?

त्याने खरंच काही वाईट केलं नव्हतं. परीक्षा आली की अभ्यास करायचा, हे ज्याला लहानपणापासून शिकवलंय तो माणूस दुसरं काय करणार? पण मी हे काम बावीस वर्षं करते आहे, आणि मला त्या क्षणी सगळं कळलं. दादाचे डोळे सुधारले नव्हते. दादा परीक्षा द्यायला शिकला होता. दोन-तीनदा बसलं की थोडी सवय सगळ्यांनाच होते, तेवढी डॉक्टर धरून चालतात. पण दुकानात टब बांधून पाच महिने सराव करणारा माणूस कुणाच्या हिशोबात असतो?

मी खाली बसले आणि त्याला हे सांगितलं. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दादाने विचारलं, “मग गोळीने फरक पडला की नाही, हे कसं कळणार?”

“तुझ्यापुरतं नाही कळणार. आणि हे बघ, तू आता गप्प बस. टब मोड आणि विसर. सांगितलंस तर नियमाप्रमाणे तुला प्रयोगातून काढतील, गोळी बंद होईल. ती खरी असली तर? डोळे तुझे जातील, डॉक्टरांचे नाही.”

हे मी बोलले. मी, जी मास्तरांना खोटं बटण दाबल्याबद्दल झापते. लाज वाटायला हवी होती, पण मला तेव्हा फक्त आईची बोटं दिसत होती.

दादाने टबाच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ती पोर चाक फिरवून आउट बघतेय गं. मीच रिमला हात लावून धरलं, तर तिला दिसणार काय? आणि ती माझ्या एकट्याचं चाक बघत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टब कॅरिअरला बांधून, सायकल हातात धरून, पायी दवाखान्यात आला. रहदारीत सायकल चालवणं त्याने आधीच सोडलं होतं. टब छोट्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. टबाच्या कडेला चिठ्ठी बांधली होती. मी ती वाचली, कारण त्यांनी ती वाचून माझ्या हातात दिली.

‘झालं: हात बसला. धीर आला. जमलं नाही: डोळा आहे तिथेच आहे. सहा महिन्यांचा कागद धरू नये.’

छोट्या डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांचा सगळ्यात सुंदर कागद होता तो. मग मी छर्ऱ्यांच्या कागदांचं सांगितलं. खाई त्याला खवखवे, आणि मला तर रात्रभर खवखवलं होतं. दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून असं झापलं की मी लोकांना झापते ते म्हणजे गोडीगुलाबी वाटावी. माझ्या फाइलला लेखी समज लागली. दादा प्रयोगातून बाहेर झाला. त्याची गोळ्यांची बाटली परत घेतली, ती मीच कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

मी छोट्या डॉक्टरांना गाठून विचारलं की हे जीवनसत्त्व दुकानात मिळतंच ना, आम्ही आमचं आणतो. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. एवढ्या मात्रेत ते यकृताला बाधू शकतं, रक्त तपासत राहावं लागतं, आणि त्याने खरंच फायदा होतो की नाही तेच अजून ठरायचंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी त्यांनी नाहीच म्हटलं, आणि मला त्यांचा फार राग आला, आणि तितकंच त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

दीड वर्ष गेलं. दादाचे थेंब चालू राहिले. डावा डोळा आणखी थोडा गेला. चाकाचा आउट तो आता बोटाने काढायला शिकला. फिरत्या रिमला नखाची कड अलगद लावतो आणि नख कुठे घासतं ते ऐकतो. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही, पण चिठ्ठीवर तो लिहितोच, ‘डोळ्याने तपासलेलं नाही.’ माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एका सकाळी, कुणाला कोणती गोळी ते लिहून ठेवलेले प्रयोगाचे बंद लिफाफे उघडले. छोट्या डॉक्टर स्वतः दुकानात आल्या, मला बरोबर घेऊन. तेलाच्या डब्यावर फडकं टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुमची गोळी नुसती होती. आत काही नव्हतं.”

दादाने हातातलं चाक थांबवलं.

त्यांनी समजावून सांगितलं. खरी गोळी घेणाऱ्यांचे डोळे जरासे जास्त टिकले होते. फरक बारीक, आणि माणसं थोडी, म्हणून यावरून काहीच ठरत नाही. पण आणखी मोठा प्रयोग करून बघावा, एवढं नक्की दिसलं होतं. दादाचा तो सुधारलेला कागद नुसत्या गोळीवाल्यांत मोजला गेला असता, तर तेवढा फरकही दिसला नसता. सगळे म्हणाले असते की साखर खाऊनही डोळा सुधारतो, आणि काम तिथेच थांबलं असतं.

“तुम्ही बोललात म्हणून ते उरलं,” त्या म्हणाल्या.

मी शटरला टेकले. मी त्याला गप्प बस म्हणाले होते. काही नसलेल्या गोळीसाठी मी माझ्या भावाला खोटं बोलायला लावत होते, आणि त्या एका खोट्यापायी कुणाकुणाचे डोळे पणाला लागले असते. असा अभिमान आणि अशी शरम एकदम वाटायची ती माझी पहिलीच वेळ.

मोठा प्रयोग आता सुरू होतोय. यात प्रत्येकाने आधी सराव करायचा, कागद सुधारायचा थांबेपर्यंत, आणि मग खरी मोजणी सुरू. सरावाला दादाचा टब ठेवलाय, माझ्याच खोलीत, घंटीसकट. इतका पक्का हात बसलेला माणूस दुसरा कुठून मिळणार, असं म्हणून छोट्या डॉक्टरांनी दादाला या प्रयोगात पुन्हा घेतलंय. या वेळी कोणती गोळी, ते पुन्हा कुणालाच माहीत नाही.

अर्ज भरताना त्यांनी विचारलं, तुमच्याच आईच्या पोटची आणखी भावंडं आहेत का, त्यांचे डोळे तपासलेत का. दादा म्हणाला, “एक आहे. ती मशीन पुसते.”

मग मला बसावंच लागलं. हनुवटी टेकवली. छोट्या डॉक्टर म्हणाल्या, मधल्या ठिपक्याकडे बघा, आणि मला कळलं की हे वाक्य ऐकणाऱ्याला किती एकटं वाटतं. मशिनची लय मला तोंडपाठ होती. अंगठा आपोआप वळवळत होता, नुसतं दाबलं असतं तरी निम्मे उजेड बरोबर आले असते. मी अंगठा आवरला. दिसलं तेव्हाच दाबलं. मधे मधे फार वेळ काहीच दिसायचं नाही, आणि मशीन थांबलंय की मी, ते मला कळत नव्हतं.

कागद आला. उजवा डोळा स्वच्छ. डाव्यात नाकाच्या बाजूला लहानसा करडा डाग. छोट्या डॉक्टर म्हणाल्या की वेळेत आलात, थेंब आजपासूनच सुरू करू, पुष्कळ काही करता येईल. मी मान हलवली.

दाराशी दादा उभा होता. त्याने खिशातून पुठ्ठा आणि दोरा काढला, माझ्या पांढऱ्या कोटाच्या बटणाला चाचपडत चिठ्ठी बांधली, आणि मग आईसारखीच दोन बोटं माझ्या गालावरून फिरवली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘झालं: बसली.’ खाली ‘जमलं नाही’ एवढंच होतं आणि पुढची जागा त्याने कोरी सोडली होती.